खाडीकाठचा मुलगा आणि नर्सिंगचा अर्ज

देवगड ते वेंगुर्ला या पट्ट्यात बारावी विज्ञान झालेल्या मुलांमध्ये नर्सिंगचा अर्ज भरणारा मुलगा क्वचितच भेटतो. का, असे विचारले की उत्तर ठरलेले असते : लाज वाटते, लोक हसतात. उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. खालचे प्रकरण कोणा एका मुलाचे नाही. किनाऱ्यावरच्या घरांत, नर्सिंग कॉलेजांत आणि वॉर्डांत पुन्हा पुन्हा येणाऱ्या अडचणी एका मुलाच्या शिक्षणकाळात बसवून ते रचले आहे. प्रवेशाचे नियम, भरतीच्या अटी आणि अभ्यासक्रमाचे आकडे खरे आहेत. घरखर्चाचे आकडे धरून चाललेले आहेत, ते ज्याने त्याने आपल्या तालुक्याप्रमाणे बदलून घ्यावेत.

घर आणि पहिला जून

मुलगा देवगड तालुक्यातल्या खाडीकाठच्या वाडीतला. भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी मिळून ५८ टक्के. वडील दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी, आई हंगामात काजूच्या कारखान्यात जाते, घरची हापूसची पंधरा कलमे. थोरली बहीण ए.एन.एम. (साहाय्यक परिचारिका-प्रसाविका) करून जिल्हा परिषदेत आरोग्यसेविका झालेली. सुट्टीत हा तिला मोटारसायकलवरून लसीकरणाच्या सत्राला सोडायचा, व्हॅक्सिन कॅरिअर उतरवायचा, बाळांच्या वजनाचे आकडे लिहून द्यायचा.

म्हणजे या घराला नर्सिंग परके नव्हते. बहिणीच्या पगारावर घराचे पत्रे जाऊन स्लॅब पडला होता. तरी मुलाने विषय काढला तेव्हा आई म्हणाली, "ह्यां चेडवांचां काम, झील काय करतलो थंय?" (हे मुलींचे काम, मुलगा काय करणार तिथे?) डोंबिवलीच्या मामांनी फोनवर लग्नाचे काढले. वडील काहीच बोलले नाहीत. ऑगस्टपासून बोटीवर ये, एवढेच त्यांनी सुचवले.

इथपर्यंतचे सगळे सांगतात. जे सांगितले जात नाही ते असे, की बहीण ज्या वाटेने गेली ती वाट भावासाठी नाहीच. ए.एन.एम. हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम मुलींसाठी आहे. बहीण कला शाखेतून बारावी झाली आणि दोन वर्षांत भरतीच्या रांगेत उभी राहिली. भावापुढे जी.एन.एम. या नर्सिंग पदविकेची तीन वर्षे किंवा बी.एस्सी. नर्सिंगची चार, एवढेच पर्याय. कमी खर्चात, कमी वर्षांत पाऊल टाकून बघण्याची सोय त्याला पहिल्या दिवसापासून नाही. गरीब घरात दोन आणि चार वर्षांतला फरक फार मोठा असतो.

बी.एस्सी. नर्सिंगला भौतिक, रसायन, जीवशास्त्र व इंग्रजी मिळून ४५ टक्के लागतात (राखीव प्रवर्गांना सवलत), वय सतरा पूर्ण लागते आणि राज्याच्या सी.ई.टी. कक्षाची वेगळी प्रवेश परीक्षा द्यावी लागते. घरे इथे फसतात. सी.ई.टी.ची नोंदणी बारावीचा निकाल लागण्याआधीच संपते. निकाल हातात आल्यावर "आता काय करायचे" म्हणून जूनमध्ये चौकशी करणाऱ्याला त्या वर्षी बी.एस्सी.चे दार बंदच मिळते. ज्युनियर कॉलेजात जानेवारीत नर्सिंगच्या सी.ई.टी.ची सूचना दिली जाते तेव्हा ती बहुधा मुलींच्या बाकांकडे बघून दिली जाते. मुलांना एन.डी.ए., इंजिनीअरिंग आणि मर्चंट नेव्हीची पत्रके मिळतात. जी.एन.एम.ची प्रवेशपद्धत आणि तारखा वेगळ्या असतात, त्या त्या वर्षी स्वतंत्र पाहाव्यात.

आपल्या प्रकरणातल्या मुलाचे वर्ष असेच गेले. एक जून ते एकतीस जुलै मासेमारी बंद, ऑगस्टला बोट सुटली तसा तो वडिलांबरोबर गेला. पुढच्या वर्षीचा सी.ई.टी.चा अर्ज बहिणीने भरला आणि तो दोन दिवस अडकला, कारण ओ.टी.पी. मुलाच्या मोबाइलवर जात होता आणि मुलगा रेंजबाहेर समुद्रात होता. अर्जात घरी राहणाऱ्या माणसाचा नंबर द्यावा. अधिवास, जातपडताळणी आणि प्रवेशाच्या वर्षी चालणारे नॉन-क्रिमीलेअर हे तीन कागद गणपतीपर्यंत मिळतील या भरवशावर राहू नये. तलाठी कार्यालयातून तहसीलला गेलेला कागद मुलगा बोटीवर असताना कोणी मागे लागून आणत नाही.

हिशेब

प्रवेश मिळाला तेव्हा घरात खरा वाद झाला. त्यात लाजेचा उल्लेखही नव्हता, आकडे होते.

नर्सिंग कॉलेजांना वसतिगृह असते, पण ते बहुतेक ठिकाणी मुलींचे. मुलाने बाहेर खोली बघायची. खोलीचे २,५००, खानावळीचे ३,००० आणि प्रवास, गणवेश, वह्या मिळून १,००० धरले तरी महिना ६,५०० होतात. चार वर्षांचे ३,१२,०००. खासगी कॉलेजची फी वर्षाला ८०,००० धरू. इतर मागास प्रवर्गातल्या, उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्या मुलाला शिक्षणशुल्काची ५० टक्के प्रतिपूर्ती मिळते. म्हणजे घरातून वर्षाला ४०,०००, चार वर्षांचे १,६०,०००. महाराष्ट्र शासनाने जुलै २०२४ च्या निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शंभर टक्के शुल्कमाफी दिली. तो निर्णय योग्यच आहे, मुलींचे शिक्षण फीपायी तुटत होते. पण एकाच घरात भाऊ आणि बहीण असताना आईवडील दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवून बघतात, हे मान्य करावे लागते.

यावर बुडालेली कमाई. खलाशाचे महिना १५,००० धरले आणि दहा महिन्यांचा हंगाम मोजला तर वर्षाचे दीड लाख, चार वर्षांचे सहा लाख. सगळे मिळून १०,७२,०००. वडिलांनी हा आकडा कागदावर मांडला नव्हता, पण त्यांच्या डोक्यात तो होता. म्हणूनच ते गप्प होते.

आता या खर्चाच्या पलीकडे काय आहे ते बघू. राज्य सरकारच्या अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) पदाची वेतनश्रेणी ३५,४०० पासून सुरू होते, केंद्राच्या नर्सिंग ऑफिसरची ४४,९०० पासून. राष्ट्रीय आरोग्य अभियानात कंत्राटी स्टाफ नर्सला महिना २०,००० च्या आसपास मिळतात. खासगी रुग्णालयांसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये शिफारशी केल्या : २०० हून अधिक खाटा असतील तर सरकारी बरोबरीचा पगार, १०० ते २०० खाटांना फार तर दहा टक्के कमी, ५० ते १०० ला फार तर पंचवीस टक्के कमी आणि पन्नासहून कमी खाटांच्या ठिकाणीसुद्धा किमान २०,०००. या शिफारशी आहेत, कायदा नाही, आणि तालुक्याच्या गावच्या छोट्या रुग्णालयात नव्या मुलाला त्याच्याही खालचा आकडा ऐकायला मिळतो. बोटीवरच्या खलाशाएवढाच, पण चार वर्षे आणि काही लाख घालून.

त्यातही छोट्या रुग्णालयाला मुलगा नकोच असतो, आणि यात मालकाची केवळ अढी नसते. कोकणातल्या तालुक्याच्या गावी दहा-वीस खाटांची जी रुग्णालये आहेत त्यांत प्रसूतिगृहे बरीच. तिथे रात्रपाळीला एकच नर्स. तिनेच कळा मोजायच्या, डॉक्टरांना उठवायचे, बाळ पुसायचे, सकाळी ओ.टी. (शस्त्रक्रियागृह) लावायची. बाईमाणसाच्या वॉर्डात रात्री एकटा ब्रदर (पुरुष नर्स) ठेवायला कोणी धजत नाही, आणि दोन माणसे ठेवायला परवडत नाही. जिथे पुरुष वॉर्ड वेगळा, अतिदक्षता विभाग, अपघात विभाग किंवा डायलिसिस आहे, तिथेच मुलाची जागा पाळ्यांच्या तक्त्यात सहज बसते. अशी रुग्णालये किनाऱ्यावर मोजकी. म्हणून इथला मुलगा नर्सिंग झाला की कोल्हापूर, गोवा किंवा मुंबई गाठतो, आणि गावातल्या धाकट्या मुलांना ब्रदर दिसतच नाही. न दिसलेल्या कामाची इच्छा कोणाला होणार?

सरकारी भरतीत आणखी एक वळण आहे. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीत २०१९ च्या निर्णयानुसार ८० टक्के जागा स्त्रियांना, २० टक्के पुरुषांना. राजस्थानसारख्या राज्यात नर्सिंग हा मुलांचाही रुळलेला पेशा आहे, तिथले आणि केरळ-कर्नाटकातले मुलगे याच वीस टक्क्यांसाठी येतात, त्यामुळे पुरुषांची गुणपातळी वर चढते. लष्करी नर्सिंग सेवेत १९४३ च्या अध्यादेशाने फक्त स्त्रियांनाच अधिकारी म्हणून घेतले जात आले. त्यातला "स्त्री असल्यास" हा भाग जानेवारी २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाने रद्द ठरवला, पण एका निकालाने ऐंशी वर्षांची घडी बदलत नाही. ज्या घरातले दोन-तीन पुरुष फौजेत आहेत त्या घराला हे तपशील पक्के ठाऊक असतात.

आणि शेजारीच पुरुषांसाठी राखलेली दुसरी वाट आहे. उपकेंद्राच्या रचनेतच काम वाटून दिलेले : आरोग्यसेविका बाई, आरोग्यसेवक पुरुष. मलेरियाचे रक्तनमुने, पाण्याचे नमुने, फवारणी, पावसाळ्यातले लेप्टोचे सर्वेक्षण हे सेवकाकडे. आरोग्यसेवकाच्या जागांचा मोठा हिस्सा हंगामी फवारणी कामगारांसाठी असतो. आरोग्य खात्यात शिरू पाहणाऱ्या मुलाला ही वाट, डी.एम.एल.टी. (प्रयोगशाळा तंत्रज्ञाची पदविका) किंवा डी.फार्म. (औषधनिर्माण पदविका) आधी सुचते. लोक हसत नाहीत म्हणून ती बरी वाटते, हा भाग आहेच. पण ती कमी वर्षांची, कमी खर्चाची आणि पुरुषांचे पद स्पष्ट लिहिलेली आहे, हा भाग मोठा.

आमचे मत असे की किनाऱ्यावरच्या घराला नर्सिंग नको असते ते या सगळ्या बेरजेमुळे. लाज हे त्या बेरजेला दिलेले सोपे नाव. म्हणून "लाज सोडा" असे व्याख्यान देऊन एकही अर्ज वाढत नाही. बहिणीने वादात जे केले ते कामी आले. तिने भावाच्या चार वर्षांचा खर्च आणि नंतरच्या तीन वाटांचा पगार एका कागदावर लिहून वडिलांपुढे ठेवला. तिसरी वाट वडिलांना माहीत नव्हती : बी.एस्सी. नर्सिंग झालेला मुलगा समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून उपकेंद्रात बसू शकतो, दरमहा २५,००० मानधन आणि कामावर आधारित १५,००० पर्यंत मोबदला. आपल्याच जिल्ह्यात, आपल्याच भाषेत. वडिलांनी दोन प्रश्न विचारले आणि होकार दिला.

वॉर्डात तो कशाला लागतो

पहिली दोन वर्षे मुलगा सगळ्यांना हवा होता. अडचण नेमकी तीच.

एप्रिल-मे म्हणजे आंबा काढणीचा काळ. कलमावरून पडलेले गडी अपघात विभागात येतात, आणि कण्याला मार असल्याची शंका असेल तर रुग्णाला वळवताना चार माणसे लागतात. डोक्याशी असलेला मान व डोके सरळ रेषेत धरतो आणि आकडे मोजतो, बाकीचे तिघे खांदा-छाती, कंबर आणि पाय धरून त्याच आकड्यावर एकदम वळवतात. डोक्याशी असलेला सोडून कोणी "हं" म्हटले आणि एकाने आधी ओढले की मणका पिळवटतो. या कामाला मुलाला रोज बोलावणे. तसेच वृद्ध पुरुषांच्या लघवीच्या नळीला. प्रोस्टेट वाढलेले साठी-सत्तरीचे आजोबा लघवी तुंबून येतात, आणि वीस वर्षांच्या मुलीसमोर धोतर सोडायला ते तयार नसतात. पुरुषाची लाज कोणी मोजत नाही. वर्षानुवर्षे पुरुष वॉर्ड मुलींनीच सांभाळले, तेव्हा हा प्रश्न कोणाला पडला नाही.

नळी घालणे हे ताकदीचे काम नाही, सबुरीचे आहे. प्रौढ पुरुषाला साधारण १६ नंबरची फोली, म्हणजे टोकाशी फुगा असलेली नळी. बधिर करणारी लिग्नोकेन जेली मूत्रमार्गात सोडून काही मिनिटे थांबायचे, शिश्न सरळ वर धरायचे म्हणजे मूत्रमार्गाचे वळण कमी होते, आणि नळी फाट्यापर्यंत आत जाऊ द्यायची. लघवी आली म्हणून लगेच फुगा फुगवायचा नाही. नळी पूर्ण आत असल्याची खात्री झाल्यावरच १० मि.लि. निर्जंतुक पाणी भरायचे. फुगा मूत्रमार्गातच फुगला तर रक्त येते, वेदना होतात आणि पुढे मार्ग आकसतो. नळी अडली तर जोर लावायचा नाही, डॉक्टरांना सांगायचे. हा मुलगा यात दुसऱ्या वर्षाच्या शेवटी तरबेज झाला.

पण उचल, वळव, नळी घाल, सिलिंडर आण, रुग्णाबरोबर रुग्णवाहिकेतून गोव्याला बांबोळीच्या मोठ्या रुग्णालयात जा, यात त्याची औषधांची फेरी, नोंदी आणि हिशेब मागे पडले. ५०० मि.लि. सलाइन आठ तासांत द्यायचे आणि संच मि.लि.ला २० थेंबांचा असेल तर मिनिटाला २१ थेंब. वर्गातल्या मुली हे तोंडी सांगत, हा कागद शोधत असे. अंतर्गत परीक्षेत गुण घसरल्यावर शिक्षिकेच्या लक्षात आले. पुरुष विद्यार्थी वॉर्डात असला की त्याला हरकाम्या करून टाकायची सवय वरून खालपर्यंत आहे, आणि त्यात कोणाचा दुष्टावा नसतो. उपाय साधा होता. विद्यार्थ्याला चार रुग्ण नेमून द्यायचे आणि पाळी संपेपर्यंत त्या चौघांची औषधे, नोंदी, स्वच्छता आणि हस्तांतर त्यानेच करायचे. दुसरीकडे बोलावणे आले तर परिसेविकेला (वॉर्डच्या प्रमुख नर्सला) विचारून जायचे. आठवडाभरात हाका कमी झाल्या.

प्रसूती विभाग

मुलाने शिक्षण सोडायचे ठरवले ते इथे. आमच्या मते या प्रकरणाचा गाभाही हाच.

पूर्वी मुलांना प्रसूतीऐवजी दुसरा विषय असे. आता मुलांनाही प्रसूतिशास्त्र शिकावे लागते, आणि लॉगबुक (स्वतः केलेल्या केसेसची नोंदवही) भरल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ पूर्वीच्या बी.एस्सी. अभ्यासक्रमात एका विद्यार्थ्याने ३० गरोदर स्त्रियांची तपासणी, २० नैसर्गिक प्रसूती स्वतः करणे, ५ अंतर्गत तपासण्या, ५ टाके, ५ नवजात पुनरुज्जीवन आणि २० बाळंतिणींची शुश्रूषा अशी अट होती. आपल्या बॅचला लागू असलेले आकडे कॉलेजच्या लॉगबुकात पाहावेत. जुन्या आकड्याने हिशेब केला तर पन्नास जणांच्या बॅचला १,००० नैसर्गिक प्रसूती लागतात. सिझेरियन त्यात धरायचे नाही. जिल्हा रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षात आता वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थीही असतात; ओरोसचे शासकीय महाविद्यालय २०२१ मध्ये सुरू झाले. संधी आधीच तोकडी, आणि तोकड्या संधीत सगळ्यांत आधी मागे सरतो तो मुलगा.

घडते ते असे. पहिल्या दिवशी रुग्णाची सासू दारात उभी राहून विचारते, "ह्यो कोण?" परिसेविकेला वाद नको असतो, ती मुलाला रजिस्टर लिहायला बसवते. दुसऱ्या दिवशी रक्तपेढीला पाठवते. चार आठवडे संपतात आणि लॉगबुकात आठ ओळी भरलेल्या असतात. मग सल्ला मिळतो : मैत्रिणीच्या केसेस उतरवून घे, मॅडम सही करतील. बरेच जण करतात. त्यातून सर्वांत वाईट गोष्ट होते ती ही की हातात कौशल्य नसलेला माणूस नोंदणीकृत सुईण म्हणून कागदावर येतो. चार वर्षांनी तो एखाद्या उपकेंद्रात एकटा असतो, आणि मध्यरात्री रिक्षातून बाई येते, बाळाचे डोके दिसत असते. तिथून रुग्णालय तासाभरावर. तेव्हा लॉगबुकातली खोटी सही काही करू शकत नाही.

आपल्या मुलाने खोट्या नोंदी नाकारल्या आणि घरी जाण्यासाठी बॅग भरली. शिक्षिकेने त्याला थांबवले आणि नेमणुकीचा क्रम बदलला. तो क्रम कुठल्याही कॉलेजला उचलता येईल, म्हणून सविस्तर.

पहिला आठवडा बाळाच्या टेबलाशी. बाळ पुरुषाने हातात घेतले म्हणून कोणतीही सासू अडवत नाही. वॉर्मर आधी चालू करणे, कोमट टॉवेल तयार ठेवणे, बाळ पुसून कोरडे करणे, श्वास नसेल तर पहिल्या मिनिटाच्या आत बॅग-मास्कने (तोंडावर मास्क धरून पिशवी दाबत) हवा देणे सुरू करणे, मिनिटाला ४० ते ६० श्वास, छाती वर येते का हे बघणे. पाठोपाठ तीनचार प्रसूतींत हा मुलगा बाळ पुसून आईच्या छातीवर ठेवताना घरच्यांना दिसला की "ह्यो कोण" हा प्रश्न गळून पडतो.

दुसरा आठवडा गरोदर मातांच्या बाह्यरुग्ण विभागात, एका विद्यार्थिनीबरोबर जोडीने. रक्तदाब, वजन, पायाची सूज, मग पोटाची तपासणी : गर्भाशयाची उंची, बाळाची पाठ कुठे, डोके कुठे, ठोके किती. मिनिटाला ११० ते १६० ठोके ठीक. तपासणीआधी परिसेविका स्वतः विचारते, "ताई, हा आमचा विद्यार्थी. मी इथेच उभी आहे. याने तपासलं तर चालेल? नको असेल तर नको म्हणा, तुमची तपासणी मी करीन." हे वाक्य परिसेविकेनेच, मुलगा पडद्याआड असताना विचारायचे. मुलगा समोर उभा असताना विचारले तर बाई भिडेखातर हो म्हणते, आणि तो होकार खरा नव्हे. नकार आला तर त्या बाईच्या केसपेपरला हातही लावायचा नाही. नकार येतात, पण वाटतात तितके नाहीत. विशेषतः दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बायका "शिकांदे बापडो" म्हणून परवानगी देतात.

तिसऱ्या आठवड्यापासून प्रसूतिकक्ष, आणि रात्रपाळी. रात्री डॉक्टर विद्यार्थी कमी, नातेवाइकांची गर्दी कमी, परिसेविकेला शिकवायला वेळ. पार्टोग्राफ (प्रसूतीच्या प्रगतीचा तक्ता) पहिल्या दिवसापासून त्याच्याकडे : बाळाचे ठोके आणि आईची नाडी दर अर्ध्या तासाला, रक्तदाब व तापमान चार तासांनी. जो पार्टोग्राफ भरतो तो बाईजवळ तासन्तास असतो, तिला पाणी देतो, पाठ चोळणाऱ्या आईला खुर्ची देतो, आणि प्रसूतीच्या वेळी तो परका राहत नाही. २०१७ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या लक्ष्य कार्यक्रमाने सन्मानपूर्वक प्रसूतिसेवेवर आणि सोबतीला एक नात्यातली बाई असण्यावर भर दिला, त्याचाही इथे फायदा होतो. सोबतीण हजर असली की बाईचा धीर टिकतो आणि विद्यार्थ्यावरचा संशय फिटतो.

बाळ बाहेर आल्यावर पोटात दुसरे बाळ नाही याची खात्री करून एका मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिन १० युनिट स्नायूत, मग गर्भाशयाला वरून आधार देत नाळेला नियंत्रित ताण, वार पूर्ण आली का हे तपासणे. पुढचे दोन तास दर पंधरा मिनिटांनी नाडी, रक्तदाब, गर्भाशय कडक आहे का आणि पॅडवर किती रक्त. बाळंतिणीचा जास्तीचा रक्तस्राव या दोन तासांत हुकू शकतो, कारण बाळाच्या आनंदात तिच्याकडे कोणी बघत नाही. मुलाला हे काम परिसेविकेने मुद्दाम दिले आणि त्याने ते चोख केले.

अंगावर पाजायला शिकवणे मात्र त्याला जमू दिले गेले नाही, आणि हट्टही धरला नाही. बाहुली घेऊन, कापडाचा स्तन वापरून त्याने सासू आणि सून दोघींना समोर बसवून सांगायचे, प्रत्यक्ष मदत विद्यार्थिनीने करायची. प्रत्येक अंतर्गत तपासणीच्या नोंदीत सोबत कोण हजर होते त्या स्त्री कर्मचाऱ्याचे नाव लिहायचे. ही नोंद रुग्णाचे रक्षण करते तितकेच विद्यार्थ्याचेही. एकट्याने, पडदा ओढून, सोबतीशिवाय कोणत्याही बाईची तपासणी करायची नाही, घाई कितीही असो.

चार आठवड्यांत लॉगबुक भरले नाही. उरलेल्या प्रसूती सुट्टीत दुसऱ्या संलग्न रुग्णालयात रात्री जाऊन पूर्ण केल्या. सह्या उशिरा झाल्या, पण खऱ्या होत्या.

सध्याची स्थिती

मुलगा उत्तीर्ण होऊन महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी झाली आहे. समोर चार पर्याय आहेत. समुदाय आरोग्य अधिकाऱ्याची पुढची जाहिरात. त्यात आपल्या अभ्यासक्रमाला सामुदायिक आरोग्याचे सहा महिन्यांचे प्रशिक्षण लागते की ते अंतर्भूत धरले जाते, हे आधी तपासायचे. एम्सची परीक्षा, वीस टक्क्यांच्या स्पर्धेची तयारी ठेवून. रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयासारख्या ठिकाणी काम, जिथे पुरुष कक्ष मोठे असतात आणि मनोरुग्ण परिचर्येची एका वर्षाची पदविका केली तर वजन वाढते. किंवा दोन वर्षे अतिदक्षता विभागात काढून आखात. तिथे डेटाफ्लोची कागदपडताळणी आणि प्रोमेट्रिकची परीक्षा लागते, आणि दोन वर्षांच्या अनुभवाचे पत्र खाटांची संख्या व विभाग लिहून घेतलेले असावे लागते. नुसते "काम समाधानकारक" असे पत्र चालत नाही.

मामांनी लग्नाचे अजून विचारलेले नाही. आईने विचारले ते एवढेच, की जाहिरात कधी येते. कुठलीही जाहिरात आली की मुलगा आधी शेवटच्या पानावरचा जागांचा तक्ता उघडतो, पुरुषांच्या रकान्यात आपल्या प्रवर्गाला किती जागा आहेत ते बघतो, आणि शून्य असेल तर परीक्षा शुल्क भरत नाही.